पिवळीभोवतीची धूळ

सून धुळीचा अभ्यास करायची आणि सासूबाईंना धुळीचा दमा होता. हे ऐकलं की लोक हसायचे. त्या दोघीही हसायच्या, कारण दोघींचं असं काही सूत जमलं होतं की कुणी कुणाला टोमणा मारला हे तिसऱ्याला कळायच्या आत दोघी पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या.

"आमची सून जगाबाहेरची धूळ शोधते," सासूबाई जिन्यात शेजारणीला सांगायच्या, "आणि घरातली तिला दिसत नाही. दुर्बीण लागते ना तिला!"

"आई, ऐकू येतंय मला," सून आतून ओरडायची.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय."

घरात दोघीच. मुलगा जहाजावर इंजिनिअर. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर आणि उरलेले महिने पलंगावर, असं त्याची आईच म्हणायची. सून खगोलशास्त्राच्या संस्थेत होती आणि आठवड्यातून एकदा तिकडं जायची. बाकीचं काम ती घरीच मागच्या खोलीत बसून करत असे. त्यालाही कारण होतं. मागच्या थंडीत ती संध्याकाळी घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. ओठ निळे पडलेले, आणि श्वासाचा पंप घरंगळून कपाटाखाली गेलेला. हात पोचत नव्हता, एवढंच. डॉक्टरांनी वाचवलं, पण सुनेनं धसका घेतला तो घेतलाच. दुसऱ्याच दिवशी तिनं साहेबांपुढं जाऊन सांगितलं, की मी घरून काम करणार, चालत असेल तर बघा. चाललं.

काम तसं कुठूनही करता येण्यासारखं होतं. दुर्बिणी होत्या दूर, दुसऱ्या देशातल्या उजाड डोंगरावर. चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून तिथली माणसं ताऱ्यांची निरीक्षणं घेत आणि सकाळी चहाच्या वेळेला ती सुनेच्या संगणकावर येऊन पडत.

"पण म्हणजे तू करतेस काय?" सासूबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं.

"ताऱ्याची ऊब मोजते. तारा केवढा आहे त्यावरून त्याची ऊब किती असायला हवी ते गणितानं कळतं. त्यापेक्षा जास्त भरली, की समजायचं, त्याच्या जवळपास तापलेली धूळ आहे."

"आणि ती कुठून आली?"

"दगड आपटतात एकमेकांवर. आपल्या सूर्याभोवती नाही का लघुग्रहांचा पट्टा, तसाच तिथंही असतो. लाखो दगड गोल गोल फिरतात, धडकतात, त्यांचा चुरा होतो."

"म्हणजे तिथं कुणी झाडत नाही."

"कोण झाडणार, आई?"

"तेच म्हणतेय मी," असं म्हणून सासूबाईंनी देठं गोळा केली.

अशी तापलेली धूळ सापडणं काही सोपं नसतं. तारा असतो डोळे दिपवणारा, आणि त्याला चिकटून असलेली ती मूठभर धूळ. ताऱ्याचा उजेड आधी काढून टाकावा लागतो, मग उरलेल्यात बघायचं. हे काढून टाकायचं काम करणारा एक सहकारी संस्थेत होता. त्याचं नावच सगळ्यांनी वजाबाकी ठेवलं होतं. चांगला पन्नाशीचा गृहस्थ, पण त्याची बायकोसुद्धा फोनवर विचारायची, "वजाबाकी जेवायला गेलेत का?" तो उजेड वजा करून द्यायचा आणि उरलेलं सून तपासायची. कितीतरी वर्षं दोघांचं हेच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर हाताला विशेष काही लागलं नव्हतं.

मग एका ताऱ्याभोवती लागलं.

ताऱ्याला टेलिफोनच्या नंबरासारखा लांबलचक क्रमांक होता. पडद्यावर सुनेनं ताऱ्याला पिवळा रंग दिला होता आणि धुळीला तांबडा, म्हणून सासूबाई त्याला पिवळी म्हणायला लागल्या. पिवळीभोवती, पार जवळ, तांबड्या रंगाचं एक सुरेख कडं होतं. सुनेनं ते सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोड आहे गं." सुनेला एवढा आनंद झाला, की तिनं त्यांना मिठीच मारली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मागच्या खोलीत एक गोल लाकडी टेबल होतं. सासूबाईंनी संसाराच्या सुरुवातीला घेतलेलं, जेवायला चौघांना पुरेल एवढं. पुढं नवीन टेबल आलं तसं ते मागं गेलं आणि सुनेनं त्याचा ताबा घेतला. मधोमध एक जड लोखंडी बैठकीचा दिवा, एका कडेला संगणक आणि कागद. सासूबाई फडकं घेऊन आत आल्या आणि थबकल्या.

"अगं, ही धूळ बघ. गोल कशी बसलीय!"

दिव्याच्या बैठकीपासून वीतभर अंतरावर धुळीचं एक कडं होतं. दोन बोटं रुंद असेल. त्याच्या आत लाकूड लख्ख, बाहेरही लख्ख.

"दिव्याच्या उष्णतेनं हवा फिरते ना, त्यानं होतं तसं," सून मान वर न करता म्हणाली.

"दिव्याचा बल्ब कधीच उडालाय." सासूबाईंनी कड्याला बोट लावलं. "आणि कोमट लागतेय गं."

"खिडकीतून ऊन येतं ना, आई."

ती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडत होती आणि तिथून ऊन आजवर कधी आलेलं नव्हतं. सुनेला ते आठवलं पुष्कळ उशिरा. शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं, कारण तोंडात तयार असतं आणि डोळे मागून येतात. सासूबाईंनी नेहमीप्रमाणं फडकं ओलं केलं, कारण कोरड्या फडक्यानं धूळ उडते आणि त्यांच्या छातीत जाते, आणि टेबल पुसून घेतलं.

पुढचं निरीक्षण आलं त्यात पिवळीभोवती काही नव्हतं. सून दिवसभर आकडे उलटसुलट करत बसली. शेवटी तिनं वजाबाकीला फोन केला.

"तिकडं हवा खराब होती म्हणे त्या दिवशी," तो म्हणाला. "सोडून द्या ते. धूळ काय चालत जाते का कुठं?"

तिनं ते सोडून दिलं. टेबलावरचं कडं हळूहळू परत धरत होतं, पण तिकडं तिचं लक्ष नव्हतं. सासूबाईंना त्या दिवसांत खोकला होता, म्हणून पुसापुशी बंद होती. त्या नुसत्या येऊन खुर्चीत बसायच्या, पेपर वाचायच्या, आणि जाताना काहीतरी विसरून जायच्या.

तिसरं निरीक्षण आलं तेव्हा मात्र वजाबाकीचाच फोन आधी आला. एरवी हा माणूस आवाजाची पट्टी कधी सोडायचा नाही, पण त्या दिवशी तो चक्क ओरडत होता.

"धूळ परत आहे! आणि बाई, कड्यात फट आहे! फट!"

फट असण्याचा अर्थ या लोकांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. धुळीच्या कड्यात मोकळी जागा दिसली, की तिथून काहीतरी वजनदार फिरतंय आणि वाटेतली धूळ गिळतंय असं धरतात. म्हणजे ग्रह. सून संस्थेत गेली तर तिथं सगळे तिच्याभोवती जमले. साहेबांनी स्वतः कॉफी आणून दिली. फट जरा लांबट होती, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला चपटी. "मोठा असणार ग्रह," वजाबाकी म्हणाला. साहेब म्हणाले, आणखी एक निरीक्षण घेऊ, त्यात दिसलं की जाहीर करू. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. हे खरं ठरलं तर काम पुढं चालू राहणार होतं, तिच्या हाताखाली. नाही ठरलं तर सगळा पसारा आवरायचा होता.

छापलेलं चित्र पिशवीत घालून ती अक्षरशः पळत घरी आली.

"आई, ग्रह सापडला!"

"अगं बाई! थांब, बघू दे. माझं चष्म्याचं घर कुठं गेलं? दोन आठवडे झाले, सापडत नाहीय. चष्मा नुसता उशाशी ठेवतेय."

"मागच्या खोलीत असेल, आणते."

चष्म्याचं घर टेबलावरच होतं, कागदांच्या आड. तिनं ते उचललं.

खाली लाकूड स्वच्छ होतं. भोवती धुळीचं कडं, आणि कड्यात ती जागा मोकळी. लांबट. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला चपटी.

ती बराच वेळ हातात चष्म्याचं घर घेऊन उभी राहिली. मग पिशवीतलं चित्र काढून टेबलावर ठेवलं. मग शिवणाच्या डब्यातली टेप आणली. दिव्यापासून कडं किती लांब, कडं किती रुंद, फट किती आणि कुठं, सगळं मोजलं. चित्रातलंही मोजलं. भागाकार केला, आणि तो चुकला असेल म्हणून परत केला.

चुकला नव्हता.

तिनं बोट पुढं केलं आणि धुळीला अगदी हलकेच लावलं. कोमट होती. मग, का ते तिलाही सांगता आलं नसतं, तिनं चष्म्याचं घर होतं तिथं, होतं तसंच परत ठेवून दिलं.

"सापडलं का गं?" बाहेरून हाक आली.

"आपण नवीन घेऊ, आई."

सासूबाईंपासून तिला काही लपवता यायचं नाही. जेवताना त्यांनी एकदाच विचारलं, "तुझा ग्रह हरवला का?" आणि तिनं घडाघडा सगळं सांगून टाकलं. मागच्या खोलीत नेऊन दाखवलंही. त्यांनी चित्र पाहिलं, टेबल पाहिलं, घाबरल्या मात्र नाहीत. गॅसवर दूध उतू गेलं तरी या बाई आधी भांडं सावरायच्या आणि मग अगंबाई म्हणायच्या.

"योगायोग असेल," त्या म्हणाल्या.

"तसंच म्हणायचं. कारण दुसरं काही जमतच नाही, आई. पिवळीचा उजेड इथवर यायला चाळीसेक वर्षं लागतात. आम्हाला दिसतं ते चाळीस वर्षांपूर्वीचं. तुम्ही पुसलंत परवा. परवा पुसलेलं चाळीस वर्षांपूर्वी कसं जाईल?"

सासूबाईंनी थोडा विचार केला.

"चाळीस वर्षांपूर्वीही मी हेच टेबल पुसत होते की."

सून हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली.

सासूबाईंनी पदराचं टोक नाकाशी धरून वाकून त्या कड्याकडं पाहिलं. "ही तापलेली म्हणतेस ती किती तापलेली?"

"फार नाही. बादलीभर पाणी उन्हात ठेवलं तर कसं होईल, तेवढी."

"म्हणजे पाणी पाणीच राहील, इतपत."

"हो."

"मग असेल का गं कुणी तिथं?"

"मला नाही माहीत, आई."

"मी पुसलं ना एकदा," सासूबाई म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्या दिवसापासून फडकं घेऊन त्या खोलीत गेल्या नाहीत. सुनेनं त्यांना जाऊ नका असं म्हटलंही नव्हतं. म्हणावं लागू नये म्हणून त्या आधीच थांबल्या, हे तिला कळलं आणि तिला भरून आलं.

शेवटच्या निरीक्षणाला अजून काही दिवस होते. धूळ वाढत होती. आता कडं तळहाताएवढं रुंद झालं होतं आणि त्यावर रेघ ओढता येईल इतकं जाड. खोलीचं दार उघडलं की हवेत एक वास यायचा, दगडावर दगड घासला की येतो तसा. सून दार भराभर लावून घ्यायची, उंबऱ्याशी ओली चादर टाकायची, आणि बाहेर जेवायच्या टेबलावर काम करायची. तरी धूळ ती धूळच. डॉक्टर घरी येऊन गेले. छातीला नळी लावून ऐकता ऐकता त्यांनी सुनेकडं रागानं पाहिलं.

"घरात कुठं बांधकाम चाललंय का?"

"नाही."

"मग ही एवढी धूळ जाते कुठून यांच्या छातीत? पहिली ती काढा. औषधांनी किती दिवस भागवणार?"

सासूबाईच म्हणाल्या, "पुसते हो ती. मलाच थंडी बाधते."

निरीक्षणाचा दिवस उजाडला. सकाळी वजाबाकीचा फोन आला, की तिकडं आकाश स्वच्छ आहे, आज काम होणार. सून संगणकाशी बसली. बाथरूममध्ये नळ चालू होता. कुठल्यातरी आकड्यात ती गुंतून गेली, आणि नळ चालूच आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बराच वेळ गेलेला होता.

"आई?"

नळाचाच आवाज.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई स्टुलावर बसलेल्या होत्या, तोंडावर जाड टॉवेल दाबून धरलेला. खांदे वर खाली होत होते. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडला होता. बाजूला पंप पडलेला, रिकामा.

"आजचाच दिवस आहे ना," टॉवेलाआडून त्या म्हणाल्या. दोन शब्दांच्या मध्ये शिटीसारखा आवाज येत होता. "होईल. होऊ दे."

सून कपाटाकडं धावली. नवा पंप काढून तो त्यांच्या तोंडाला लावला आणि त्यांना धरून पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. ओठ निळे पडत होते. पंपाचा उपयोग होईना. तिनं डॉक्टरांना फोन केला. ते निघाले होते.

मग ती वळली आणि बादलीत पाणी घेऊन तिनं फडकं भिजवलं.

"नको गं," सासूबाई म्हणाल्या. "कुणी असलं तर?"

"तुम्ही आहात ना!" सून जवळजवळ ओरडलीच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला दुसरं कुणी माहीत नाही!"

तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं.

धूळ गरम होती. ताप आलेल्या कपाळाला हात लावावा, तशी ओल्या फडक्यातूनही लागत होती. फडक्याखाली बारीक करकर होत होती.

तिनं चष्म्याचं घर उचलून बाजूला टाकलं आणि पहिला हात फिरवला. कडं तुटलं.

दुसरा हात. तिसरा.

दिवा उचलून खाली पुसलं. टेबलाच्या कडा पुसल्या, खाचा पुसल्या. लाकूड काळंभोर दिसायला लागलं तरी ती पुसत राहिली.

बाहेरून एक लांब, मोकळा श्वास ऐकू आला. मग दुसरा.

डॉक्टर आले तेव्हा सासूबाई पाणी पीत होत्या. त्यांनी दोनदा तपासलं आणि चांगलीय की आता, असं काहीशा नाराजीनंच म्हणाले.

ते गेल्यावर सून बादली ओतायला गेली. पाणी कधीचं शांत झालं होतं, पण त्यातली धूळ तळाशी बसलेली नव्हती. ती बादलीच्या मधोमध संथपणे गोल फिरत होती. तिनं डोळे मिटले आणि बादली मोरीत उपडी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षण आलं. पिवळीभोवती काही नव्हतं. धूळ नाही, फट नाही, नुसती पिवळी. वजाबाकीनं आधी आपलं गणित तपासलं, मग यंत्र तपासायला लावलं आणि मग फोन केला. "असं कधी झालेलं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी धुऊन काढल्यासारखं."

"हो," सून म्हणाली.

प्रकल्प बंद झाला. साहेब भले माणूस, त्यांनी तिला वजाबाकीच्या हाताखाली जागा दिली, पगारही राहिला, पण शोध गेला तो गेला. सासूबाईंना त्याची फार टोचणी लागली. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत.

"माझ्यापायी गेलं गं तुझं सगळं."

"तारे पोत्यानं पडलेत, आई. तुम्ही एकच आहात. भात घ्या."

त्यांनी भात घेतला. पिवळीचं नाव मग दोघींनीही काढलं नाही, आणि तिथं कुणी होतं का, हेही नाही. टेबलावर धूळ बसायची ती आता इतर कुठल्याही टेबलावर बसते तशी, सगळीकडं सारखी. सासूबाईंची छाती इतकी सुधारली की त्या जिना चढून शेजारणीकडं जाऊ लागल्या आणि वर जाऊन सुनेच्या चुगल्या करू लागल्या. सुनेला ते वरून ऐकू यायचं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला चुगल्या इतक्या गोड लागल्या.

उन्हाळा उतरणीला लागला होता. एका दुपारी वजाबाकीनं एक चित्र पाठवलं आणि लगेच फोन केला.

"जरा बघता का हे? माझा विश्वास बसत नाहीय."

"काय आहे?"

"आपलीच धूळ."

आपल्या सूर्याभोवतीही अशी धूळ आहे. पृथ्वी तिच्यातूनच फिरते, आणि आपण आकाशात कुठंही पाहिलं तरी आधी तीच आड येते. म्हणून दूरच्या ताऱ्यांची धूळ बघायची तर आधी आपली वजा करायला लागते. वजाबाकीकडं तिचा सगळ्या आकाशभरचा नकाशा होता, वर्षानुवर्षं जपलेला, आणि त्यात कधी काही बदलायचं नाही. या आठवड्यातला जुळत नव्हता. सगळीकडं नेहमीची तांबूस झाक होती, आणि मधून एक तिरका पट्टा गेला होता. त्या पट्ट्यात काहीच नव्हतं. त्याच्या कडा सरळ होत्या.

"यंत्राची चूक असणार," वजाबाकी म्हणाला.

"असणार."

"पण वेगवेगळ्या तीन यंत्रांत तीच आहे."

सुनेनं फोन ठेवला. ती चित्राकडं पाहत राहिली. मग तिनं ते मोठं करून पट्ट्याच्या कडा पुन्हा तपासल्या.

सासूबाई चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवता ठेवता त्यांची नजर पडद्यावर गेली. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाकून पाहिलं.

"हे कुणी पुसलंय?"

"कुणी नाही, आई. आपल्या सूर्याची धूळ आहे ही."

सासूबाईंनी हवेत हात फिरवून पाहिला, वरून खाली, तिरका. उजवा हात जमेना, मग डावा फिरवला.

"डावखुरी आहे," त्या म्हणाल्या. "पण हात चांगला आहे. एका दमात ओढलंय, कुठं डाग ठेवला नाही."

सुनेनं सासूबाईंचा हात घट्ट धरला. हात उबदार होता, चहाच्या कपानं तापलेला.

"एकच पट्टा आहे, आई. बाकी सगळं आहे तसंच आहे. थांबली असेल ती. नको वाटलं असेल तिला."

"छे गं," सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "असं एवढंसं पुसून कुणी थांबतं का? फडकं पिळायला गेली असेल."